‘काही नाही’ लिहिण्याआधी

गेल्या महिन्यात या सदरासाठी एमआरआयबद्दलचे प्रश्न मागवले होते. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, शिरोली, पन्हाळ्याच्या पायथ्याची गावं अशी सगळीकडून पत्रं आली. कोल्हापुरात एमआरआय टेक्निशियन म्हणून मला १९ वर्षं झाली. रिपोर्ट लिहिणं डॉक्टरांचं काम. मशीनच्या दारात उभं राहून पेशंटला प्रश्न विचारायचे आणि मगच आत सोडायचं, हे माझं काम. म्हणून उत्तरंही त्या दारातूनच देते आहे. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं मुद्दाम काढली आहेत.

ताई, मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला) आहे, १७ वर्षं झाली. कंबरेतून डाव्या पायात कळ जाते म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. फॉर्मवर ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का’ असं विचारलंय. दुखतंय कंबर, डोळ्याचा काय संबंध? आमच्यात कण जाणं रोजचंच आहे. ‘होय’ लिहिलं तर एमआरआय रद्द करतील काय? सायबांनी सुट्टी एकच दिवस दिलीया.

दादा, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी घेतलं, कारण या जिल्ह्यात हा प्रश्न हजारो घरांचा आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगवर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कधीच कण गेला नाही, असं मला आजवर क्वचितच ऐकायला मिळालं. तरी फॉर्मवर त्या रांगेत ‘नाही’ अशी खूण असते.

एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. बहुतेक ठिकाणी ते १.५ टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. चित्र कंबरेचं काढायचं असलं तरी टेबलावर तुम्ही सगळेच आत जाता आणि चुंबकाचा जोर डोक्यापासून पायापर्यंत असतो. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण रुतून बसला असेल तर तो चुंबकाच्या दिशेने वळायला बघतो, हलतो. मोडलेल्या पायातल्या रॉडला हाडाने आणि स्क्रूने घट्ट धरलेलं असतं. डोळ्यात तसं धरून ठेवणारं काहीच नाही. कण हलला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पत्र्याचं काम करणाऱ्या एका कामगाराची एमआरआयनंतर अशीच एका डोळ्याची नजर गेल्याची नोंद १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्याच्या डोळ्यात कण आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. फॉर्मवरचा हा प्रश्न अशा अनुभवातून आलेला आहे.

‘होय’ लिहिल्यावर काय होतं ते सांगते. आम्ही विचारतो: कण कधी गेला, आपोआप निघाला की डॉक्टरांनी काढला, पूर्ण निघाला असं त्यांनी सांगितलं होतं का? शंका राहिली तर डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात, एकदा वर बघायला सांगून आणि एकदा खाली बघायला सांगून. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. एक्स-रे स्वच्छ निघाला की तुमचा एमआरआय त्याच दिवशी होतो. म्हणून सुट्टीची काळजी नको. नंबर लावतानाच फोनवर सांगा, ‘मी फेटलिंगला आहे, डोळ्यात कण जातात.’ म्हणजे एक्स-रेची सोय आधीच होईल आणि तुमचा वेळ वाचेल.

माझ्यासमोरचा एक प्रसंग लिहिते. उद्यमनगरातले एक टर्नर आले होते, पन्नाशीचे. मानेचा एमआरआय होता. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. तोंडीही विचारलं, ‘नाही ओ, काही नाही.’ त्यांच्या बायको डबा घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, त्या साली गणपतीत डोळ्याला पट्टी नव्हती काय तुमच्या?’ हे म्हणाले, ‘तो कण काढला की.’ आम्ही एक्स-रे काढला. उजव्या डोळ्याच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला. काढलेला कण वेगळा होता आणि हा वेगळा होता. तो कधी गेला हे त्यांना आठवतही नव्हतं. त्यांचा एमआरआय थांबवला, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि मानेचं काम सीटी स्कॅनवर भागवलं. आज त्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, ते त्या माउलीने तोंड उघडलं म्हणून.

तेव्हापासून मी फॉर्म एकट्या पेशंटकडून भरून घेत नाही. बायको, मुलगा, बहीण, जे कोणी बरोबर असेल त्यांना शेजारी बसवते. जुनं ऑपरेशन, जुनी जखम पेशंट विसरतो. ज्यांनी त्याची उशापायथ्याशी सेवा केली ते विसरत नाहीत. तुम्हीही घरून निघण्याआधी घरच्यांना विचारून या. आणि दादा, गॉगलवर वाफ धरते म्हणून तो कपाळावर ठेवता, हे मला माहीत आहे. कृपा करून डोळ्यांवर घ्या.

माझा गुडघ्याचा एमआरआय आहे. मंगळसूत्र काढावं लागेल असं सांगितलंय. सासूबाई म्हणतात, सोन्याला चुंबक ओढत नाही, मग कशाला काढायचं? जोडवी तर १२ वर्षांत निघालेली नाहीत. बांगड्यांचं काय? – गडहिंग्लजहून एक भगिनी

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. सोनं आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. पण आत चुंबकाबरोबर रेडिओ लहरीही असतात, आणि सोनं-चांदी हे विजेचे उत्तम वाहक. बंद कडीसारख्या दागिन्यात त्या लहरींमुळे बारीक प्रवाह निर्माण होऊन दागिना तापू शकतो, कातडीला चटका बसू शकतो. शिवाय मंगळसूत्राच्या हुकात पोलादाची स्प्रिंग असू शकते, आणि एक ग्रॅमवाल्या दागिन्यात आत कुठला धातू आहे ते दुकानदारालाही धड सांगता येत नाही. म्हणून आम्ही सगळंच काढायला सांगतो, हुपरीच्या पैंजणांपासून नाकातल्या मोरणीपर्यंत.

मंगळसूत्र काढताना बाईच्या मनात काय होतं ते मी रोज बघते. डोळ्यांत पाणी येतं, हात थांबतो. मी घाई करत नाही. कागलच्या एक वयस्कर काकू आल्या होत्या. त्यांनी घरूनच हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालून आणलं होतं आणि मंगळसूत्र देवघरात ठेवून आल्या होत्या. मंगळसूत्र वाढवलं की आपल्यात करतात तसंच. हळकुंडाला आणि सुती दोऱ्याला मशीनमध्ये कसलीच हरकत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकीला हे सांगते.

जोडव्यांसाठी आदल्या रात्री कोमट पाण्यात पाय भिजवा, साबण किंवा खोबरेल लावा, हळूहळू फिरवून काढा. पाय सकाळी कमी सुजलेले असतात, तेव्हा निघण्याची शक्यता जास्त. नाहीच निघाली तर सोनाराकडून कापून घ्या; नंतर तो जोडून देतो. तेही जमलं नाही तर आल्याबरोबर सांगा, लपवू नका. निव्वळ काचेच्या बांगड्यांना चुंबकाचं काही नाही, पण चमकी किंवा सोनेरी कड असलेल्या काढाव्या लागतील. आणि साडीची पिन, ब्लाउजचे हूक, केसातले चाप-आकडे हे नक्की तपासा. दागिने सगळ्यांना आठवतात, खांद्यावरची पिन कुणालाच आठवत नाही. दागिने सांभाळायला घरचं माणूस आणा.

ताई, मी २२ वर्षांचा, तालमीत असतो. गुडघ्याचा लिगामेंट गेलाय असं डॉक्टर म्हणतात. एमआरआयच्या बोगद्यात जायचं म्हटलं की छाती धडधडते. लहानपणी आडात पडलो होतो. तालमीत कुणाला सांगायची सोय नाही, वस्ताद काय म्हणतील? वजन ११० किलो आहे, अडकणार तर नाही ना?

बरं झालं लिहिलंस. आधी सगळ्यात महत्त्वाचं ऐक: गुडघ्याच्या एमआरआयला पाय आधी आत जातात. गुडघा मशीनच्या मधोमध आला की पुरे. मोठ्या माणसाचं डोकं बहुतेक वेळा बाहेर किंवा अगदी तोंडाशी राहतं. छत दिसतं, आम्ही काचेतून दिसतो. तुझी निम्मी भीती डोकं आत जाण्याची आहे, आणि तेच होणार नाही.

बोगद्याची रुंदी ६० किंवा ७० सेंटीमीटर असते, दोन्ही टोकं उघडी असतात, आत दिवा आणि वारा असतो. टेबल ११० किलोला आरामात पेलतं. हातात एक रबरी फुगा देतो. तो दाबलास की आमच्याकडे घंटी वाजते आणि मी मशीन थांबवून आत येते. आल्याबरोबर एकदा तो दाबून बघ, म्हणजे खात्री पटेल. वेळ २० ते ३० मिनिटं. १९७७ च्या ३ जुलैला न्यूयॉर्कमध्ये माणसाच्या छातीचं पहिलं एमआरआय चित्र काढलं, त्याला जवळपास पाच तास लागले होते; तेव्हाचा माणूस तेवढा वेळ बसला, तू अर्धा तास सहज निभावशील.

आवाज मोठा येतो. ठोके, घरघर, भोंगा वाजल्यासारखा. चित्रं घेताना आतली तांब्याची वेटोळी प्रवाहाने थरथरतात, त्याचा तो आवाज. तो १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन सक्तीचे. आणि इथे तुम्हा पैलवानांसाठी खास सांगते: कान मोडलेले असले की बोळा नीट बसत नाही, हेडफोनही दुखतो. पैलवान ते सांगत नाहीत आणि नंतर दिवसभर कान गुणगुणतो. तू सांग, ‘बोळा बसत नाही.’ आम्ही उशा लावून जमवतो.

भीतीसाठी दोन गोष्टी. एक, आत जायच्या आधीच डोळे मिट आणि रुमाल टाकून घे, आत जाईपर्यंत उघडे ठेवू नकोस. दोन, श्वास मोज. जोर मारताना धरतोस तसा कोंडू नकोस, सोडताना लांब सोड. आधी एक दिवस येऊन मशीन लांबून बघायची इच्छा असेल तर केंद्रात विचार. माझ्याकडे अशी विनंती आली तर मी कधीच नाही म्हणत नाही. एवढं करूनही नाही जमलं तर डॉक्टर सौम्य गोळी देतात. मग गाडी चालवायची नाही, सोबत माणूस पाहिजे.

आत असताना हाताची बोटं एकमेकांत गुंतवू नकोस, पोटऱ्या एकमेकींना चिकटू देऊ नकोस. कातडीला कातडी चिकटून वेटोळं तयार झालं की तिथे तापू शकतं. म्हणून आम्ही मध्ये फडकं ठेवतो. दंडावर मारुती गोंदलेला असेल तर तेही सांग. काही रंगांमध्ये लोहाचा अंश असतो. बहुतेकांना काही होत नाही, कुणाला थोडं गरम लागतं. तसं लागलं तर फुगा दाब. आणि घाम शोषणारे म्हणून विकतात ते चकचकीत खेळाचे कपडे घालून येऊ नकोस. काहींच्या धाग्यांत चांदीचा अंश असतो आणि तसे कपडे अंगावर असताना भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. आमचा सुती गाऊन घाल.

वस्तादांना सांग, असं मी म्हणेन. बंद जागेची भीती माझ्यासमोर बंदूक बाळगणाऱ्या माणसांनी बोलून दाखवली आहे, डॉक्टरांनीसुद्धा. आडात पडलेल्या मुलाला ती वाटणं साहजिक आहे.

माझ्या चार वर्षांच्या मुलाला फिट येतात. मेंदूचा एमआरआय सांगितलाय. मी त्याच्याजवळ आत थांबू शकते का? – इचलकरंजीहून एक आई

होय, बहुतेक ठिकाणी एका पालकाला थांबू देतात. एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटीसारखे किरण नसतात, त्यामुळे त्या अंगाने तुम्हाला किंवा बाळाला अपाय नाही. पण आत येणाऱ्या प्रत्येकाला पेशंटचेच नियम. तुमचाही फॉर्म भरायचा, तुमचेही दागिने, पिना, मोबाईल बाहेर. तुम्ही पुन्हा गरोदर असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा, मग बाबांना आत बसवू. तुमच्याही कानात बोळे.

इतक्या लहान मुलाला बहुधा भूल किंवा गुंगी द्यावी लागते, कारण जरा हललं तरी चित्र पुसट येतं. त्यासाठी साधारणपणे सहा तास आधीपासून अन्न आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तीच वेळ पाळा. ‘पोरगं रडतंय म्हणून बिस्किट दिलं’ असं झालं असेल तर मुळीच लपवू नका. भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. सर्दी-खोकला, ताप असेल तर आधी फोन करा. फिटच्या गोळ्या त्या सकाळी द्यायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या, आपल्या मनाने बंद करू नका. कमरेचा करदोटा, त्यातली पेटी, दंडातला ताईत, पायातले वाळे घरीच सोडा.

आता नातेवाइकांसाठी, कारण याचं ओझं माझ्या मनावर कायम असतं. हे चुंबक रात्रंदिवस चालू असतं. आत द्रवरूप हेलियम असतं, उणे २६९ अंशांचं, आणि त्या गारव्यात चुंबकाच्या तारांमधली वीज न थांबता फिरत राहते. चित्र काढणं बंद असलं, दिवे मालवलेले असले, आवाज येत नसला तरी ओढ तशीच. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. आपल्या माणसाला मदत करायला धावलेला मुलगा होता तो.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हाच्या केंद्रात, एक आजोबा आले होते. मी विचारलं, ‘खिशात काही आहे का?’ ते म्हणाले, ‘नाही.’ खरंच बोलले ते. खिशात काही नव्हतं. कनवटीला चंची होती आणि चंचीत अडकित्ता. टेबलाजवळ जाताच चंची धोतरातून सुटून सूं करत गेली आणि मशीनच्या तोंडावर आपटली. कुणाला लागलं नाही, आजोबा मात्र बराच वेळ थरथरत होते आणि मीही. चूक माझ्या प्रश्नात होती. त्या दिवसापासून मी ‘खिशात’ असं विचारत नाही. खिसा, कंबर, कनवट, पदराची गाठ, ब्लाउजच्या आत, केसात असं एकेक जागा घेऊन विचारते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणताना हे काम तुम्हीच घरी करून आणलंत तर फार उपकार होतील.

वडिलांना पेसमेकर आहे. आता मेंदूचा एमआरआय हवा म्हणतात. आम्हाला तर ‘आयुष्यात कधी एमआरआय नाही’ असं बजावलं होतं.

तुम्हाला सांगितलं तेव्हा ते योग्यच होतं. आता चित्र बदललंय. एमआरआयमध्ये अटींसह चालतील असे पेसमेकर निघाले. अमेरिकेत तसल्या पहिल्या पेसमेकरला २०११ मध्ये मान्यता मिळाली. वडिलांचा कुठला, ते त्यांच्या कार्डावर असतं. मॉडेल, तारांचं मॉडेल, बसवल्याची तारीख. पेसमेकर चालणारा आणि तारा जुन्या, असंही असतं, म्हणून दोन्हींची माहिती लागते. कार्ड सापडत नसेल तर जिथे बसवला तिथल्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड काढा. एमआरआयच्या आधी हृदयरोगतज्ज्ञ पेसमेकर त्यासाठीच्या सेटिंगवर लावतात, आत असताना ठोके आणि ऑक्सिजन सतत बघतात, आणि झाल्यावर तो पूर्ववत करतात. शेवटची पायरी झाल्याशिवाय वडिलांना घरी नेऊ नका. आपल्या मनाने ‘चालतंय म्हणे’ असं समजून कुठल्याही केंद्रात जाऊ नका. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप आणि ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट यांनाही हाच नियम: कार्ड आधी, मशीन नंतर.

मी निवृत्त शिक्षक, मधुमेह २० वर्षं. ‘औषध टाकून एमआरआय’ सांगितलाय. हे औषध किडनीला वाईट असतं का? सीटीच्या वेळी मला अंगावर गांध्या उठल्या होत्या.

सर, सीटीचं औषध आयोडीनचं असतं, एमआरआयचं गॅडोलिनियमचं. दोन्ही वेगळी. एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची ठरलेलीच असं नाही, तरीही गांध्यांचं जरूर लिहा, म्हणजे आम्ही तयारीत राहतो.

गॅडोलिनियम धातू मोकळा असेल तर विषारी, म्हणून तो दुसऱ्या रेणूत बांधून देतात. किडनी चांगली असेल तर त्याचा बहुतेक भाग २४ तासांत लघवीवाटे जातो. किडनी फारच मंदावलेली असेल तर तो शरीरात रेंगाळतो. जुन्या प्रकारच्या औषधांमुळे अशा काही रुग्णांची कातडी आणि सांधे दगडासारखे घट्ट होण्याचा आजार झाला, आणि २००६ मध्ये त्याचा या औषधाशी संबंध उघड झाला. त्यानंतर जग सावध झालं. युरोपने २०१७ मध्ये सैल बांधणीच्या काही औषधांचा शिरेतून वापर थांबवायचा निर्णय घेतला. घट्ट बांधणीच्या औषधांत हा धोका अत्यंत कमी आहे. तुम्ही एवढंच करा: अलीकडचा क्रिएटिनिनचा (किडनीसाठीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा. त्यावरून किडनीची रक्त गाळण्याची गती काढतात. ती ३० च्या खाली असेल तर डॉक्टर थांबून विचार करतात. डायलिसिस चालू असेल तर आधी कळवा. औषध कुठलं देणार हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि विचारलं म्हणून कुणी रागावत असेल तर ते चुकतात. इन्सुलिन पंप असेल तर तो काढून बाहेर ठेवावा लागेल; दंडाला साखर मोजायचं बटण लावलं असेल तर तेही बहुतेक वेळा काढावं लागतं, म्हणून आधी सांगा. निकोटिनच्या किंवा हृदयाच्या औषधी पट्ट्यांचंही सांगा. काहींच्या पाठीवर धातूचा पातळ पापुद्रा असतो आणि चटका बसतो.

थोडक्यात उत्तरं

तांबी बसवलेली असेल तर एमआरआय होतो, फक्त फॉर्मवर लिहा. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर चालतो, त्या जागेचं चित्र मात्र पुसट येतं. हृदयातल्या स्टेंटला बहुतेक वेळा अडचण नसते, तरी कार्ड आणा. दातातलं सिमेंट, टोपी चालते, कवळी काढायची. मेंदी, केसांचा काळा रंग चालतो. डोळ्यांचा मेकअप धुऊन या. उपाशी राहायचं का? साध्या मेंदू, मणका, गुडघ्यासाठी नाही. पोटाच्या तपासणीला आणि भुलेसाठी होय. गरोदरपणी गरज असेल तर औषधाशिवाय करतात. अंगावर पाजणाऱ्या आईला औषध दिलं तर ते दुधात अत्यल्प उतरतं, पाजणं थांबवावं लागत नाही. जुने एक्स-रे आणि फिल्म मात्र सगळ्यांनी आणा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.

आणि ‘रिपोर्टमध्ये मणक्याची गादी सरकली असं आलं तर ऑपरेशनच का?’ असं विचारणाऱ्या चौघांना एकत्र सांगते. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय किंवा सीटी तपासलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. त्रास कुणालाच नव्हता. फिल्म आणि तुमचं दुखणं दोन्ही जुळतं का हे डॉक्टर तपासून ठरवतात. रिपोर्ट हातात पडताच रिक्षात बसून मोबाईलवर शोधू नका.

बाळ, मी ७३ वर्षांची. ४० वर्षं पंढरीची वारी करते. गळ्यातली तुळशीची माळ मी कधी उतरवलेली नाही. मानेचा एमआरआय आहे. काढावी लागंल काय? – पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एक आजी

आजी, तुळशीचं लाकूड आणि सुताचा दोरा यांना चुंबक धरत नाही. माळ दोऱ्यात ओवलेली असेल तर गळ्यात राहू द्या. मानेला पट्टा बसवताना मी ती हळूच छातीवर सरकवीन. पण मणी तारेत ओवलेले असतील, किंवा मध्ये चांदीचं कडं, पदक असेल, तर येण्याआधी घरातल्या कुणाकडून तेवढे मणी साध्या दोऱ्यात ओवून घ्या. बरोबर आणलीत तरी चालेल. बाकावर बसून मी स्वतः ओवून देईन, सुईदोरा माझ्या कपाटात असतो.